ऑपरेशन लहान, जागा अवघड

डॉक्टरताई, नमस्कार.

माझं वय ३१, नाशिकला राहते, एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. कॉलेजात असल्यापासून माझ्या दोन्ही काखांत फुगवटा होता. पाळीच्या आधी तो दुखायचा. आजी काखमांजरी समजून लेप लावायची. मुलीच्या वेळी बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी तो लिंबाएवढा फुगला आणि ठणकायला लागला, तेव्हा सोनोग्राफीत कळलं की काखेत स्तनाचाच जादा भाग आहे. वजन कमी करून पाहिलं, तो काही गेला नाही. शेवटी ऑपरेशन करून घेतलं. आज अकरावा दिवस. दोन्हीकडे नळी होती, ती चौथ्या दिवशी निघाली. टाके चौदाव्या दिवशी काढायचे आहेत.

उजवी बाजू छान आहे. डावीकडे परवापासून काखेखाली मऊसर फुगलं आहे आणि हात हलवला की आत पाणी डुचमळल्यासारखं वाटतं. ताप नाही. दोन्ही दंडांची आतली बाजू बधिर आहे. सासूबाई प्रेमाने सगळं करतात, पण टाके तुटतील म्हणून हात खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत, आणि टाके पिकतील म्हणून भात, दही, डाळ, बटाटा सगळं बंद केलं आहे. शेजारच्या काकूंनी सांगितलंय की आता या हातांवर बीपी मोजायचं नाही आणि इंजेक्शन घ्यायचं नाही. नणंद म्हणते, कॅन्सर नव्हता तर एवढं कशाला करून घेतलं? चार वर्षांची लेक कडेवर घे म्हणून रडते. बँकेतून रोज फोन येतो. व्रण किती दिसेल? दुसरं मूल हवं आहे, तेव्हा हे परत येईल का? नेमकं काय करू आणि काय नको, सांगाल का?

एक वाचक, नाशिक

*

डावीकडच्या फुगवट्यापासून सुरुवात करते. बाकीचं सगळं दोन दिवस थांबू शकतं, ते थांबवू नये.

तू लिहितेस तसं ते मऊ असेल, डुचमळत असेल आणि ताप नसेल, तर तिथे बहुधा पाणी साठलं आहे. त्याला सेरोमा म्हणतात. आतला भाग काढला की कातडीखाली पोकळी उरते, आणि त्या पोकळीत पिवळसर पातळ द्रव पाझरत राहतो. एखाद्या स्थिर जागी कातडी लवकर खाली चिकटते आणि पोकळी मिटते. काखेतली कातडी दिवसभर सरकत असते. हात पुढे गेला की एका बाजूला, मागे गेला की दुसऱ्या बाजूला. ती चिकटायला उसंतच मिळत नाही. म्हणून तर नळी ठेवतात, आणि २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागलं की काढतात. नळी वेळेवर निघूनही काहींना पाणी साठतंच. त्यात तुझी चूक नाही, सर्जनची नाही, आणि परवा तू केस विंचरलेस त्याचीही नाही.

उद्या सकाळी सर्जनच्या दवाखान्यात फोन कर आणि ‘डावीकडे पाणी साठल्यासारखं वाटतंय’ असं स्पष्ट सांग. चौदाव्या दिवसाची वाट पाहू नकोस. थोडं असेल तर ते म्हणतील राहू दे, जिरेल. जास्त असेल तर ओपीडीतच सुईने काढतात, दहा मिनिटांचं काम. तिथली कातडी बधिर असल्यामुळे सुई फारशी कळतही नाही, हा त्या बधिरपणाचा एकमेव फायदा. पाणी पुन्हा भरतं आणि दोन-तीनदा काढावं लागतं, असंही होतं. तसं झालं तर काहीतरी बिघडलं असं समजू नकोस. तोवर घरी एवढंच कर: दाबून बघू नकोस, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नकोस, आणि दाबाचं जॅकेट किंवा पट्टा दिला असेल तर तो सांगितलेले सगळे तास घाल. उकडतं म्हणून दुपारी पट्टा काढून ठेवू नकोस.

काही गोष्टी दिसल्या तर मात्र सकाळची वाट न पाहता रात्रीच जायचं. ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइटच्या वर गेला, काखेची लाली पसरत चालली, जागा गरम लागू लागली, टाक्यांतून पू किंवा घाण वासाचं पाणी आलं, टाक्यांची कड उघडली. किंवा फुगवटा तासा-दोन तासांत कडक, ताणलेला आणि निळसर झाला, म्हणजे आत रक्त साठतंय. पोटरी एकाच पायात सुजून दुखणं आणि अचानक धाप लागणं हेही त्याच यादीत, काखेशी संबंध नसला तरी. हा परिच्छेद नवऱ्याला वाचायला दे. आपलं आपण सोसत बसण्यात आपल्याकडच्या बायका पटाईत असतात.

आता काकूंचा मुद्दा, कारण घरातली निम्मी भीती तिथूनच आली आहे असं मला दिसतं.

काखेत सूज, ऑपरेशन, नळी, दंड बधिर. हे शब्द कानावर पडले की लोकांना स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आठवतं, कारण ओळखीपाळखीत कुणाचं ना कुणाचं ते झालेलं असतं. त्यात काखेतल्या लसिका ग्रंथी काढतात, त्या काढल्या की हाताला कायमची सूज येण्याचा धोका राहतो, आणि म्हणून त्या हाताची जपणूक सांगतात. तुझ्या ऑपरेशनात ग्रंथी काढत नाहीत. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक रेघ उमटते, तिला दुग्धरेषा म्हणतात. छातीवरचा भाग सोडून बाकीची रेघ पुसली जाते. काहींची वरच्या टोकाला, म्हणजे काखेत, थोडी राहून जाते. शंभरातल्या दोन ते सहा बायकांमध्ये असं जादा ऊतक सापडतं, असं आमच्या पुस्तकांत असतं. ते खरंखुरं स्तनाचं ऊतक असल्यामुळे पाळीच्या आधी दुखतं, बाळंतपणात दूध उतरलं की फुगतं, आणि चरबी नसल्यामुळे वजन उतरवून जात नाही. तुझं हे तिन्ही तसंच झालं आहे. तेवढा भाग निघाला. बीपी, रक्त, इंजेक्शन या हातांवर घेता येतं. फक्त ‘ग्रंथी काढलेल्या नाहीत ना’ हे सर्जनला एकदा विचारून घे, म्हणजे काकूंनाही ठामपणे सांगता येईल.

नणंदेला उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. मी असते तर एवढंच म्हटलं असतं की दर महिन्याला दुखत होतं. ते पुरेसं कारण आहे. आणि समजा दुखत नसतं, नुसतं ब्लाउज शिवताना आणि बिनबाह्यांचा कुडता घालताना लाज वाटत असती, तरी तेही पुरेसं होतं. आपल्याकडे बाईने स्वतःच्या शरीरासाठी पैसे खर्च केले की तिला आजाराचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. दाताला तारा लावलेल्या भाच्याला कुणी विचारत नाही.

पण नणंदेच्या बोलण्यात एक उलटा धोका आहे, तो सांगते. ‘कॅन्सर नाही ना, मग काय एवढं’ हे ऐकून ऐकून पुष्कळ जणी आठव्या दिवशी बादली उचलायला लागतात. सासूबाईंच्या काळजीने हात आखडतो आणि नणंदेच्या बेफिकिरीने जखम उसवते. ऑपरेशन लहान आहे, जागा अवघड आहे. काख हलते, घामेजते, घडी पडून झाकली जाते, आणि हाताचं कुठलंही काम तिला वगळून होत नाही. तुझ्या बरं होण्याचे सगळे नियम या एका अडचणीतून निघतात. एवढं लक्षात ठेवलंस तर माझं पत्र हरवलं तरी चालेल.

हाताचं सांगते. सासूबाई म्हणतात टाके तुटतील, आणि त्या पूर्ण चुकीच्या नाहीत. जखमेला ताकद हळूहळू येते. तीन आठवड्यांनी ती मूळ कातडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी असते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. पण ताकद नाही म्हणून हात अंगाला चिकटवून बसलीस तर खांदा आखडतो, काखेतला व्रण आखूड होऊन भरतो, आणि मग महिन्याभराने पाठीमागचा हूक लावताना रडू येतं. काखेचा व्रण हात वर असतानाच्या लांबीला भरायला हवा. म्हणून हात हलवायचा, त्याच्यावर वजन टाकायचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरात त्यांचीच गल्लत होते आहे.

तुझ्या बाबतीत डावीकडे पाणी असल्यामुळे दोन्ही हातांचा हिशोब सारखा नाही. सर्जन तपासेपर्यंत डावा हात खांद्याच्या पातळीपर्यंतच ने. कोपर वाकवणं-सरळ करणं, मूठ आवळणं-सोडणं, खांदे कानाकडे उचलून खाली सोडणं, खांद्याने सावकाश गोल काढणं, हे दोन्हीकडे आजपासून. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक प्रकार पाच-सहा वेळा. मोबाइलवर मालिका बघतानाही होतं. उजव्या हाताने तू वर चढायला लागू शकतेस. भिंतीकडे तोंड करून उभी राहा आणि बोटांनी भिंतीवर वर वर चढत जा. ताण जाणवेल तिथे थांब, चार श्वास घे, खाली ये. तिथे पेन्सिलने बारीक खूण कर. उद्याची खूण बोटभर वर गेली तरी खूप झालं. टाके निघाले आणि डावीकडचं पाणी आटोक्यात आलं की डावा हातही त्याच भिंतीवर. नंतर दोन्ही हात मानेमागे गुंफून कोपरं बाजूला उघडायची. ऑपरेशननंतर महिन्याभरात दोन्ही हात कानाला लागायला हवेत. नाही लागले तर फिजिओथेरपिस्टकडे जा, चार-सहा बैठकांत बहुतेकींचं काम होतं.

ओढल्यासारखं वाटणं ठीक. भोसकल्यासारखं दुखणं ठीक नाही, तिथे थांबायचं. आणि येत्या काही आठवड्यांत कधी काखेपासून कोपराकडे दोरी ताणल्यासारखी लागली, हात बाजूला केल्यावर कातडीखाली ती तारेसारखी दिसली, तर घाबरू नकोस. ग्रंथी काढलेल्यांना ते जास्त होतं, तुझ्यासारखीला क्वचित, आणि ताणाच्या व्यायामाने ते जातं. मालिशवालीला बोलावून ती दोरी मोडून घेऊ नकोस. हा उद्योग करणाऱ्या बायका आहेत, म्हणून सांगते.

वजनाचं म्हणजे घरकामाचं. तिसरा आठवडा संपेपर्यंत भरलेली तांब्याभांडी, चहाचं पातेलं, भाजीची छोटी पिशवी यांच्यापलीकडे काही उचलायचं नाही. पोळ्या लाटणं टाके निघाल्यावर चालेल. कणीक मळणं नाही, त्यात सगळा जोर खांद्यातून आणि छातीतून येतो. कपडे पिळणं नाही. दोरीवर वाळत घालणं महिन्यानंतर. भरलेला कुकर, पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, वरच्या फडताळातला डबा ही कामं नवऱ्याची, आणि त्याने ती न सांगता करावीत अशी अपेक्षा न ठेवता सरळ सांग. झोपताना पाठीवर, दोन्ही हातांखाली एकेक उशी, म्हणजे काख थोडी उघडी राहते आणि सकाळी ताठरपणा कमी असतो. कुशीवर वळायची घाई नको.

लेकीला चार आठवडे कडेवर घेऊ नकोस. चार वर्षांचं मूल पंधरा-सोळा किलोचं असतं, आणि ते शांतपणे कडेवर येत नाही, उडी मारून काखेत हात घालतं. तू पलंगावर बस आणि तिला चढून मांडीत येऊ दे. ‘आईच्या काखेत बाऊ झालाय’ हे चार वर्षांच्या मुलाला कळतं. ‘आई आता तुला घेणार नाही’ एवढंच कानावर पडलं तर त्याचा वेगळा अर्थ लागतो. पट्टी लावलेली जागा तिला एकदा लांबून दाखव. माझ्या पेशंटांच्या मुली मग आईच्या राखणदार होतात आणि बाबांना जवळ येऊ देत नाहीत, तोही प्रश्न सोडवावा लागतो.

बधिरपणा. काखेतून एक बारीक मज्जातंतू दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीला संवेदना देतो. ऑपरेशनात तो ताणला जातो, कधी कापलाही जातो. हाताच्या ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. नोटा मोजणारी बोटं तशीच चालतील. ताणला गेला असेल तर काही महिन्यांत संवेदना परत येते, येताना मुंग्या येतात, मधूनच वीज चमकल्यासारखं होतं, कपडा लागलेला सहन होत नाही. ते परतीचं लक्षण. एखादा रुपयाएवढा भाग कायमचा बधिर राहिला तर त्याची काही महिन्यांनी आठवणही राहत नाही. तोवर दोन गोष्टी: गरम पाण्याची पिशवी तिथे कधीच नाही, भाजलेलं कळणार नाही, आणि रेझर नाही, कापलेलं कळणार नाही.

काखेतले केस तसेच राहू देत. जखम पूर्ण भरली, खपली पडली, म्हणजे साधारण दीड महिन्यानंतर, ट्रिमर फिरव. वॅक्सिंग तीन महिन्यांनी. डिओडरंट, पावडर, तुरटी, अत्तर, यांतलं काहीही उघड्या जखमेजवळ जाऊ देऊ नकोस. तुरटी नैसर्गिक आहे असा युक्तिवाद होईल. हळदही नैसर्गिक आहे, आणि टाक्यांवर लावलेली हळद ड्रेसिंग करताना खरवडून काढावी लागते, तेव्हा तीही नको. ती दुधात घालून सासूबाईंनी दिली तर पी, त्यांचंही समाधान होईल. अंघोळीची परवानगी मिळाली असेल तर साधं पाणी आणि साबणाचा फेस वरून वाहू दे, चोळू नकोस, मऊ टॉवेलने टिप. मग खरं काम: पंख्याखाली बसून दोन्ही हात कमरेवर ठेव आणि काख पूर्ण वाळू दे. ओलसर काखेत बुरशी आणि जंतू दोन्ही सुखाने राहतात. दिवसभर काखेत सुती, धुतलेल्या, मऊ रुमालाची घडी ठेवता येते, ओली झाली की बदलायची. कपडे पुढून उघडणारे आणि ढगळ. नवऱ्याचा जुना सुती शर्ट यापेक्षा चांगलं काही अजून बाजारात आलेलं नाही.

जेवणाबद्दल मी जरा जोरात बोलणार आहे, सासूबाईंना माझा नमस्कार सांगून. भाताने टाके पिकत नाहीत. दह्याने नाही, डाळीने नाही, बटाट्याने नाही, लिंबाने तर नाहीच. टाके पिकतात ते जंतूंमुळे, आणि जखम भरते ती प्रथिनांनी. डाळ, दही, अंडी, मटण, मासे हेच बंद केलं तर शरीराने जखम विणायची कशाने? लिंबू, आवळा, पेरू यांतलं सी जीवनसत्त्व नवं ऊतक बांधायला लागतं, आणि आंबट म्हणून तेच आधी वर्ज्य होतं. तू अंडी खात असशील तर रोज दोन, नसशील तर दोन्ही वेळा घट्ट वरण, वाटीभर उसळ आणि दही. मुगाची खिचडी चालेल, पण मूग जास्त आणि तांदूळ कमी. पेनकिलरने पोट जड होतं तेव्हा पाणी आणि पालेभाजी वाढव. कुंथताना काखेवर ताण येत नाही, पण दंडावर जोर देऊन उठताना येतो. घरात कुणाला मधुमेह असेल आणि तुझी साखर कधी तपासलेली नसेल तर तपासून घे. आणि हे तुझ्यासाठी नसेल, पण इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिते: तंबाखूची मिश्री लावण्याची सवय असेल तर जखम भरेपर्यंत तरी बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडा काळ्या पडतात. मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे, असं पुष्कळ बायका मनापासून मानतात, म्हणून आम्ही विचारल्यावर ‘तंबाखू नाही’ असं उत्तर येतं.

बँक. टाके निघून डावी बाजू शांत झाली की बसून करायचं काम पंधरवड्यानंतर चालू करता येईल. पण कॅशियरचं काम नुसतं बसून नसतं. नाण्यांच्या पिशव्या, कॅशची पेटी, वरच्या खणातली रजिस्टरं असतात. सर्जनकडून चिठ्ठी घेताना ‘विश्रांती’ एवढंच लिहून घेऊ नकोस. ‘सहा आठवडे वजन उचलू नये, हात वर करून करायचं काम देऊ नये’ असं लिहून घे. विश्रांतीच्या चिठ्ठीवर वाद घालता येतो, नेमक्या कामावर घालता येत नाही. स्कूटर चालवत असशील तर ती दोन-तीन आठवड्यांनंतर, अचानक ब्रेक दाबला आणि हँडल वळवलं तरी दुखत नाही अशी खात्री झाल्यावर, आणि गुंगी आणणारी गोळी घेतलेली नसताना. मेन स्टँडला मात्र दीड महिना हात लावायचा नाही. स्कूटर मेन स्टँडवर ओढताना जो हिसका बसतो तो सरळ काखेत जातो. साइड स्टँड वापर, नाहीतर पार्किंगवाल्या दादांना सांग.

व्रणाचं. छेद सहसा काखेच्या घडीतच घेतात, त्यामुळे हात खाली असताना तो दिसत नाही. पहिले तीन-चार महिने तो लाल, जरा कडक, खाजरा असतो आणि आरशात बघून मन खट्टू होतं. वर्ष ते दीड वर्षात तो फिकट आणि मऊ होतो. टाके निघून जखम कोरडी झाली की सिलिकॉन जेल दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने. चौथ्या आठवड्यापासून बोटाने व्रणावर हलका दाब देऊन गोल मसाज, दोन-तीन मिनिटं. खोबरेल वापरलंस तर ते बोट सरकण्यापुरतं. कान टोचले तिथे किंवा लसीच्या जागी तुझी कातडी जाड होऊन वाढलेली असेल तर सर्जनला आत्ताच सांग, तुझ्या कातडीला केलॉइडची खोड असू शकते आणि त्यावर लवकर उपाय केलेला बरा. दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत म्हणून तिसऱ्या आठवड्यात तक्रार करू नकोस. सूज उतरायला तीन महिने लागतात, आणि पाणी साठलेली बाजू मागे राहते.

दुसऱ्या मुलाचं विचारलंस ते बरं केलंस. छातीवरच्या स्तनांना या ऑपरेशनाने काही झालेलं नाही, बाळाला दूध पाजता येईल. काखेतला भाग सर्जनने शक्य तेवढा काढला असणार. तरी कडेला थोडं राहून गेलं असेल तर गरोदरपणात आणि दूध उतरताना तिथे पुन्हा थोडी सूज येऊ शकते. तेव्हा थंड शेक द्यायचा, पिळायचं नाही, काही दिवसांत ते ओसरतं. मागच्याइतका त्रास होण्याचं कारण दिसत नाही. मात्र दिवस राहण्याआधी खांदे पूर्ण मोकळे झालेले असू देत. नव्या बाळाला दिवसातून कितीदा उचलावं लागतं ते तुला माहीत आहे.

एक काम तू पत्रात लिहिलेलं नाहीस. काढलेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला गेला असेल, जायलाच हवा. स्तनात जे जे होऊ शकतं ते या ऊतकातही होऊ शकतं, गाठही आणि क्वचित कॅन्सरही. सोनोग्राफी चांगली होती, तेव्हा धास्ती घेऊ नकोस, पण रिपोर्ट पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नकोस. पुढे दर महिन्याला स्तन तपासतेस तेव्हा काखही तपास, आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफीला जाशील तेव्हा या ऑपरेशनाचं आधीच सांग. विम्याचा दावा करणार असशील तर हाच रिपोर्ट आणि ‘दुखत होतं, वैद्यकीय कारणासाठी ऑपरेशन केलं’ असं सर्जनच्या सहीचं पत्र लागेल, कारण सौंदर्यासाठी केलेलं ऑपरेशन म्हणून विमा कंपन्या असे दावे अडवतात. डावी काख दाखवायला जाशील त्याच दिवशी दोन्ही कागद माग. मूळ प्रत स्वतःकडे ठेव, कंपनीने मूळ मागितली तर तिची झेरॉक्स काढून मगच दे.